प्रघण : दाराबाहेरच्या जागेविषयी

'प्रघण' हा शब्द आज मराठीत कोणी वापरत नाही. संस्कृतातही तो क्वचितच भेटतो. तरीही त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटते. घराच्या बाहेरच्या दाराशी असणाऱ्या एका लहानशा जागेकडे जुन्या वैयाकरणांनी आणि कोशकारांनी किती बारकाईने पाहिले होते, आणि आपण त्याच जागेकडे आज किती बेफिकिरीने पाहतो, हे या एका शब्दाच्या निमित्ताने लक्षात येते.

'अमरकोशा'च्या दुसऱ्या कांडातील पुरवर्गात प्रघाण, प्रघण आणि अलिंद ही तीन नावे एकत्र दिली आहेत. त्यांचा अर्थ 'बहिर्द्वारप्रकोष्ठक', म्हणजे बाहेरच्या दाराशी असलेला कोठा. त्यापाठोपाठ देहली म्हणजे उंबरा येतो आणि मग अंगण. या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जुन्या चौसोपी घरात अंगण मध्यभागी असे, हे ध्यानात घेतले तर कोशकार पाहुण्याच्या सोबतीने बाहेरून आत चालत निघाला आहे, असे वाटते. घरधनी आपले घर सांगू लागला असता तर त्याने आतून सुरुवात केली असती.

पाणिनीने तर या शब्दासाठी 'अष्टाध्यायी'च्या तिसऱ्या अध्यायात एक स्वतंत्र सूत्रच खर्ची घातले आहे. 'हन्' म्हणजे आघात करणे या धातूपासून, 'प्र' हा उपसर्ग लागून, नेहमीच्या नियमांत न बसणारी प्रघण आणि प्रघाण ही रूपे सिद्ध होतात, पण केवळ घराच्या एका भागाचा अर्थ असेल तरच, असे ते सूत्र सांगते. पुढे सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी 'सिद्धान्तकौमुदी'त या सूत्राचा उलगडा केला. दाराशी दोन कोठे असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. दोन्हींना अलिंद म्हणतात. त्यांपैकी बाहेरच्या कोठ्यासाठी प्रघण हा शब्द आहे, असा त्यांच्या स्पष्टीकरणाचा आशय आहे. आत येणाऱ्या माणसांच्या पावलांचा आघात जिच्यावर सर्वाधिक होतो ती जागा म्हणजे प्रघण, अशी व्युत्पत्तीही त्यांनी दिली आहे.

ही व्युत्पत्ती आम्हांस फार मोलाची वाटते. ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. परंतु एका परंपरेने त्या जागेचा अर्थ कसा लावला, हे तिच्यातून निःसंदिग्धपणे कळते. घराच्या बहुतेक भागांची नावे तिथे राहणाऱ्यांच्या उपयोगावरून पडतात. जिथे स्वयंपाक होतो ते स्वयंपाकघर, जिथे देव बसवले ते देवघर, जिथे झोपायचे ते शयनगृह. प्रघणाचे नाव मात्र येणाऱ्याच्या पावलांवरून पडले आहे. जो त्या घराचा नाही, ज्याची ओळख अजून पटलेली नाही, त्याच्या चालण्यामुळे त्या जागेला तिचे नाव मिळते. आमच्या मते या शब्दाचे खरे वैभव ते हेच.

'अलिंद' या भावंडाला प्रघणापेक्षा अधिक आयुष्य लाभले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'तील वास्तुविद्येच्या अध्यायात घरांचे प्रकार अलिंदांच्या रचनेवरून सांगितले आहेत. चारही बाजूंनी अखंड अलिंद आणि चार दारे असली की ते वास्तू सर्वतोभद्र. नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक, रुचक हे प्रकारही अलिंद कुठून निघतो आणि कुठे थांबतो यावरूनच ठरतात. म्हणजे घराचे नाव आतल्या दालनांवरून ठरत नसून भोवतीच्या मोकळ्या पट्ट्यावरून ठरते. आधुनिक मराठीत अलिंद उरला आहे तो शरीरशास्त्राच्या परिभाषेत. हृदयात परतणारे रक्त प्रथम ज्या कप्प्यात येते तो अलिंद. मूळ लॅटिन संज्ञाही रोमन घरातल्या पुढच्या दालनावरूनच आलेली असल्यामुळे हा प्रतिशब्द योजणाऱ्याची दाद द्यावीशी वाटते. पण घराचा अलिंद विस्मरणात जावा आणि हृदयाचा तेवढा राहावा, यात थोडी खंतही आहे.

असो. या जागेचे खरे रूप पाहायचे तर कोश बाजूला ठेवून साहित्याकडे वळावे लागते. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकात कण्वाश्रमातून आलेल्या तपस्व्यांना दुष्यंत भेटतो तो राजसभेत नव्हे. तपस्व्यांच्या दर्शनाला उचित म्हणून तो अग्निशरणाच्या अलिंदावर जाऊन थांबतो. अलिंद नुकताच झाडून स्वच्छ केलेला आहे, होमधेनू जवळच आहे, असे प्रतीहारी सांगते. आम्ही हा अंक शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांचे सारे लक्ष शाप, अंगठी आणि विस्मरण यांत गुंतलेले असते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हा सारा प्रसंग घडतो कुठे, असे विचारले तर वर्ग गप्प होतो. शकुंतलेला नाकारले जाते ते अलिंदावर. त्या घराची राणी म्हणून आलेली स्त्री बाहेरच्या कोठ्यापर्यंत पोहोचते आणि तिथूनच तिची वाट खुंटते. सोबत आलेले तिला सोडून निघून जातात, राजा आत घेत नाही, पुरोहित आपल्या घरी आसरा देऊ करतो आणि तेवढ्यात एक तेजस्वी आकृती तिला उचलून नेते. आत नाही आणि बाहेरही नाही अशा जागेवर एका स्त्रीचे भवितव्य ठरते. कालिदासाने हे स्थळ योजले ते धर्मशास्त्राच्या औचित्यासाठी असेलही. परिणाम मात्र असा झाला आहे की, स्वागतासाठी झाडलोट करून ठेवलेली जागाच नकाराची जागा ठरते.

स्वागत आणि नकार ही दोन्ही कामे एकाच जागेने करावीत, हेच प्रघणाचे स्वरूप आहे, आणि आमचे म्हणणे या ठिकाणाहून सुरू होते.

बौद्ध भिक्षूंच्या विनयग्रंथात, 'चुल्लवग्गा'त, विहारांच्या बांधणीविषयी जे नियम आहेत त्यांत ही जागा पुन्हा भेटते. विहारांना पुढची छपरी नव्हती म्हणून अडचण होऊ लागली, तेव्हा बुद्धाने ज्या गोष्टींना अनुमती दिली त्यांत आळिंद आणि पघन ही नावे आहेत. पघन म्हणजे आपला प्रघणच. त्याच यादीत 'ओसारक' असाही एक शब्द येतो आणि मराठी वाचकाला तो ऐकताच ओसरी आठवल्यावाचून राहत नाही. पुढचा तपशील अधिक बोलका आहे. आळिंद सगळीकडून उघडे असल्यामुळे भिक्षूंना तिथे आडवे व्हायला संकोच वाटू लागला. म्हणून सरकवता येणाऱ्या पडद्यांची परवानगी द्यावी लागली. सर्वस्व सोडून निघालेल्या माणसालाही परक्या नजरेपुढे आडवे होताना संकोच वाटतो, हे तिथे किती साधेपणाने मान्य केले आहे! जागा उघडी हवी, पण आडोशाचीही सोय हवी. बंद भिंत आणि सरकता पडदा यांत जो फरक आहे तो दाराशी बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लहान नाही.

महाराष्ट्रातल्या लेण्यांत हे सारे दगडात पाहावयास मिळते. नाशिकच्या, अजिंठ्याच्या विहारांपुढच्या खांबांच्या ओवऱ्या म्हणजे उन्हातून आलेल्याचे डोळे आतल्या अंधाराला सरावावेत एवढा वेळ देणारी जागा. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका शिलालेखात धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, 'घरमुघ' दान दिल्याची नोंद आहे. घरमुख, घराचे तोंड! राजाने किंवा सेनापतीने नव्हे, अत्तरे विकणाऱ्या एका माणसाने दिलेल्या दारातून आपण आजही त्या चैत्यात शिरतो.

मराठी घराकडे आलो की या एका जागेची अनेक नावे होतात. ओटा, ओटी, ओसरी, पडवी, सोपा. वाड्याच्या दाराशी पहारेकऱ्यांची देवडी. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या भागांत ढाळज किंवा ढेलज, जो फारसीतल्या 'दहलीज'चा मराठी संसार. आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या 'बाल्कांव'चे समोरासमोरचे दगडी बाक. हे शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असे समजणे ही मोठी गफलत आहे. देवडीत अडवले जाते, ढेलजेत थांबवले जाते, ओसरीवर बसवले जाते, पडवीत ठेवले जाते. प्रत्येक शब्दामागे एक क्रियापद उभे आहे आणि त्या क्रियापदाचा कर्ता घरधनी आहे. कोण कुठवर येऊ शकतो याचे मोजमाप या शब्दांत साठवलेले असते.

म्हणूनच ओसरीविषयीच्या स्मरणरंजनाशी आमचा वाद आहे. गेल्या काही दशकांत वाडा गेला, ओसरी गेली, झोपाळा गेला, माणुसकी गेली अशा सुराचे लेखन मराठीत विपुल झाले. त्यातली हळहळ खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाटसरूला तांब्याभर पाणी मिळे, शेजारीपाजारी टेकत, मुलांना गोष्टी ऐकायला मिळत, हे खरेच होते. परंतु ओसरीवर टेकणारे कोण होते? गावातल्या ज्या माणसांना ओट्याची पायरी चढण्याची मुभा नव्हती, ज्यांना खाली उभे राहून वरून ओतलेले पाणी ओंजळीत घ्यावे लागे, त्यांच्या आठवणीत ओसरी कशी असेल? बाहेरची पुरुषमंडळी बसली असताना ज्यांना दाराआडून बोलावे लागे, त्या त्याच घरच्या स्त्रियांना ओसरी किती आपली वाटत असेल? ओसरीची उंची फुटांत मोजली तर फार नव्हती. पण ज्याला ती चढता येत नसे त्याला ती डोंगराएवढी होती. एकाच जागेच्या या दोन आठवणी एकत्र ठेवल्याशिवाय ओसरीविषयी लिहिणे म्हणजे अर्धे लिहिणे होय.

या दुहेरीपणाचे सर्वांत तीव्र उदाहरण पंढरपूरच्या महाद्वारात आहे. तिथली पहिली पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते. विठ्ठलाच्या भेटीला जाणाऱ्या संतसज्जनांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. येणाऱ्यांच्या पावलांनी जी तुडवली जाते ती जागा हा प्रघणाचा अर्थ, वैयाकरणांची चर्चा बाजूला ठेवून, वारकऱ्यांनी असा जगून दाखवला. पण त्या पायरीसमोरच, मंदिराबाहेर, चोखामेळ्यांची समाधी आहे. मंगळवेढ्यास वेशीचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या, अशी कथा आहे. एका संताने दाराशी राहणे स्वतः पसंत केले. दुसऱ्याला दाराशी ठेवले गेले. दोघांच्या जागांत अंतर फार थोडे आहे. परंतु निवडणे आणि ठेवले जाणे यांमधले अंतर कापायला महाराष्ट्राला पुढे सहा शतके लागली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि त्यानंतर ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. त्याआधी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. तो पुढे काही वर्षे चालला आणि सत्याग्रही मंदिराच्या बंद दारांपाशी बसून राहिले. बहिर्द्वाराच्या त्या कोठ्यालाच त्यांनी प्रश्न विचारण्याची जागा बनवले. प्रघण हा शब्द खऱ्या अर्थाने घडतो तो अशा पावलांनी.

आता कोणी म्हणेल, हे सारे इतिहासजमा झाले; सदनिकांच्या काळात ओसरीही नाही आणि तिच्यावरचा मज्जावही नाही. आम्हांस हे पटत नाही. जागा गेलेली नाही, तिचे नाव तेवढे गेले आहे. गृहसंकुलाच्या फाटकाशी पहारेकऱ्याची खोली आहे, नोंदवही आहे, आता मोबाइलवर येणारी परवानगीची विचारणा आहे. जेवणाची पाकिटे घेऊन येणारा तरुण तिथे उन्हापावसात ताटकळतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईने कोणत्या लिफ्टने वर जावे याची पाटी काही इमारतींत लावलेली आम्ही पाहिली आहे. दारात दोन दरवाजे आहेत, आतला लाकडी आणि बाहेरचा जाळीचा. भट्टोजींच्या दोन अलिंदांतले अंतर एवढेसे उरले आहे. बोलणे जाळीतून होते, पाकीट जाळीतून घेतले जाते. सुरक्षिततेची गरज आम्हांस समजते आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दाराला जाळी हवीच. पण या जागेत बसायला साधा बाक नसतो, प्यायला पाणी नसते, डोक्यावर छप्पर असेलच असे नाही. जुन्या ओसरीचा मज्जाव आपण सांभाळून ठेवला आणि तिची सावली मात्र मोडीत काढली. या जागेला नाव नसल्यामुळे तिच्याविषयी बोलताही येत नाही. 'ओसरीवर घेतले नाही' हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारता येते. फाटकाशी झालेल्या अवमानाला असे नेमके वाक्य अद्याप सापडलेले नाही.

भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांस याची एक आणखी बाजू दिसते आणि ती आमच्या व्यवसायाच्या अगदी जवळची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृत याही भाषा होत्या, म्हणजे ओसारक आणि ओसरी एकाच दिवशी सन्मानित झाले म्हणायचे. आनंदाचीच गोष्ट. या दर्जानंतर जुन्या, दुर्मीळ शब्दांचे संकलन व्हावे, त्यांचे जतन व्हावे अशी भाषणे होऊ लागली. परंतु जतन कशाचे आणि कशासाठी? मराठवाड्यातला विद्यार्थी निबंधात ढाळज लिहितो, कोल्हापूरकडची विद्यार्थिनी सोपा लिहिते, आणि तपासणारी तांबडी शाई त्याखाली रेघ ओढून 'व्हरांडा' लिहिते, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेत वर्षानुवर्षे चालत आले आहे. पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिकांतही ओसरी, पडवी, देवडी या साऱ्यांपुढे तोच एक अर्थ छापलेला असतो. व्हरांडा या शब्दाशी आमचे वैर नाही. तोही दारोदार फिरून आलेला पाहुणाच आहे. पण त्याच्या नावाने बाकीच्यांना घालवून देणे म्हणजे भाषेनेच आपल्या लेकरांना बहिर्द्वारी उभे करणे होय. प्रमाण भाषेच्या आतल्या दालनात अमरकोशातला अलिंद सन्मानाने बसतो आणि विद्यार्थ्याच्या घरातली ढाळज बाहेर थांबते. दुर्मीळतेचा गौरव करायचा तर दोघींचा करावा लागेल.

आमची सूचना साधी आहे. प्रघण हा शब्द व्यवहारात पुन्हा आणावा असा आमचा मुळीच आग्रह नाही. असे शब्द ओढूनताणून जगवता येत नाहीत. पण हे शब्द शिकवताना त्यांच्यापुढे एकशब्दी अर्थ न देता तीन प्रश्न द्यावेत. या जागेपर्यंत कोण येऊ शकत होता? इथून पुढे कोणाला जाता येत नव्हते? आणि इथे थांबलेल्यासाठी काय ठेवलेले असे? ओसरी असो, देवडी असो वा बाल्कांव, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थ्याला वास्तुरचना, समाजरचना आणि भाषा एकदमच दिसू लागतात. आपल्या घरचा शब्द वर्गात आणण्याचे धैर्यही त्याला येते, कारण त्या प्रश्नांची उत्तरे कोशापेक्षा त्याच्या आजीला अधिक ठाऊक असतात.

आणि हेच तीन प्रश्न घेऊन आपण आपापल्या इमारतीच्या फाटकाशीही एकदा उभे राहावे. वैयाकरणांनी त्या जागेला येणाऱ्याच्या पावलांचे नाव देऊन ठेवले आहे. ती पावले कोणाची, आणि आपण त्यांच्यासाठी तिथे निदान एक बाक आणि पाण्याचा माठ ठेवला आहे का, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.